पायथनचा कारभार आणि एका कुलुपाची कैफियत

७ ऑक्टोबर २०२५ रोजी पायथन या संगणकीय भाषेची ३.१४ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्याबरोबर आलेल्या लहानमोठ्या सुधारणांमध्ये एक अशी होती की जिची प्रतीक्षा या भाषेचे जाणकार सुमारे तीस वर्षे करीत आले होते. एकाच आज्ञावलीचे काम संगणकातील अनेक कोअरनी एकाच क्षणी वाटून घ्यावे, ही मुभा पायथनने आपल्या घडणीतील एका कुलुपाने दीर्घकाळ नाकारलेली होती. ती देणारी पायथनची निराळी घडण वर्षभर प्रायोगिक अवस्थेत राहिली आणि या आवृत्तीत तिला अधिकृत मान्यता मिळाली. ज्या भाषेच्या आधारे आज वैज्ञानिक आपली गणिते मांडतात, बँका आपले हिशेब तपासतात, कृत्रिम बुद्धिमत्तेची बहुतांश प्रारूपे उभी राहतात, आणि जी आपल्याकडील अनेक विद्यार्थी पहिली संगणकीय भाषा म्हणून शिकतात, तिच्या घडणीत इतका मूलगामी पालट कोणी केला, कोणाच्या अधिकाराने केला आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हे प्रश्न त्या पालटाइतकेच महत्त्वाचे आहेत. माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे आहेत. कारण पायथनच्या समाजाने गेल्या सात-आठ वर्षांत जे सर्वांत मोठे कार्य साधले, ते वेगवृद्धीचे नव्हे. संस्थापकाच्या निवृत्तीनंतर एकमेकांशी लेखी विचारविनिमय करून कठीण निर्णय घेण्याची रीत त्याने बसविली, हे ते कार्य होय.

पायथनवर कोणत्याही कंपनीची मालकी नाही. तिचे हक्क पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन या २००१ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या, नफा न कमावणाऱ्या संस्थेकडे असले, तरी तिचा मूळ कोड कोणीही वाचावा, वापरावा, त्यात फेरफार करावा आणि तो पुढे वाटावा, अशी सनदच तिच्या परवान्याने दिलेली आहे. तिचा जन्म ॲमस्टरडॅममधील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेत झाला. गिडो व्हॅन रॉसम हा तेथील तरुण प्रोग्रामर ‘एबीसी’ नावाच्या एका शैक्षणिक भाषेच्या प्रकल्पावर काम करून चुकला होता. नवशिक्याला समजेल अशी भाषा घडविण्याचा त्या प्रकल्पाचा हेतू उदात्त होता, परंतु तिच्यात बाहेरून भर घालण्याची सोय नसल्यामुळे ती फारशी पसरली नाही. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत गिडोने एबीसीतील सुबोधपणा घेऊन आणि तिची बंदिस्त वृत्ती टाकून देऊन एक नवी भाषा रचावयास घेतली, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. तिचे नाव सर्पावरून पडलेले नसून, गिडोला प्रिय असलेल्या ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी-कार्यक्रमावरून ते घेतलेले आहे.

पुढील सत्तावीस वर्षे या भाषेत काय यावे आणि काय येऊ नये याचा अखेरचा निवाडा गिडोकडे राहिला. सहकाऱ्यांनी १९९५ च्या सुमारास त्याला ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’ अशा अर्थाचा एक विनोदी किताब दिला होता. विनोदाचा भाग सोडला तर व्यवस्थेचे वर्णन म्हणून तो यथातथ्य होता. मात्र या एकाधिकाराला आरंभापासूनच एका शिस्तीची जोड मिळाली, आणि पायथनचा कारभार समजून घ्यावयाचा तर त्या शिस्तीपाशी थोडे थांबणे अवश्य आहे.

२००० साली पायथनमध्ये ‘पेप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखी प्रस्तावांची पद्धत सुरू झाली. भाषेत काही मोठा बदल सुचवावयाचा असेल, तर तो तोंडी किंवा पत्रव्यवहारातील चार ओळींत सुचवून भागत नाही. प्रस्तावकाने विधिवत मसुदा तयार करावा लागतो. बदलाची आवश्यकता काय, त्याचे नेमके स्वरूप काय, आजवर लिहिलेल्या आज्ञावल्यांवर त्याचा परिणाम काय होईल, कोणते पर्याय विचारात घेऊन सोडून दिले आणि ते का सोडून दिले, या सर्वांची कैफियत त्या मसुद्यात द्यावी लागते. मग त्यावर जाहीर खल होतो, मसुद्यात दुरुस्त्या होतात, आणि शेवटी मंजुरी किंवा नामंजुरीचा शेरा पडतो. नामंजूर मसुदे नष्ट केले जात नाहीत, हा या पद्धतीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा विशेष आहे. ते दप्तरी राहतात, आणि दहा वर्षांनी तीच कल्पना घेऊन येणाऱ्या नवख्या माणसाला, आपल्या आधी कोण कोण या वाटेने गेले आणि कोठे अडले, हे वाचावयास मिळते. या दप्तरातील एका नोंदीचा दाखला येथे देण्याजोगा आहे. एका चलाच्या मूल्यानुसार अनेक वाटांपैकी एक निवडण्याची रचना पायथनमध्ये असावी, असा प्रस्ताव २००६ साली खुद्द गिडोने मांडला होता. पुढच्या वर्षीच्या वार्षिक परिषदेत भाषण करताना त्याने श्रोत्यांचा कौल घेतला, कौल अनुकूल नाही असे दिसले, आणि सर्वाधिकार हाती असतानाही त्याने आपलाच प्रस्ताव नामंजूर करून ते कारण त्यावर नोंदवून ठेवले. त्याच गरजेतून, परंतु पुष्कळ अधिक विचारान्ती सिद्ध झालेली एक निराळी रचना २०२१ साली ३.१० या आवृत्तीत भाषेत दाखल झाली.

एवढी शिस्त असूनही या समाजाकडून एक निर्णय असा झाला की ज्याचा व्रण अजून पुरता बुजलेला नाही. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३ प्रसिद्ध झाली, तेव्हा जुन्या घडणीतील मूलभूत दोष एकदाच काढून टाकण्याच्या हेतूने पायथन २ शी असलेली सुसंगती जाणूनबुजून तोडण्यात आली. सातास दोनाने भागले असता पूर्वी तीन हे उत्तर येई, ते आता साडेतीन येऊ लागले. आणि मजकूर साठविण्याची पद्धत तर मुळापासून बदलली. हा दुसरा बदल आपल्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे तो उदाहरणाने सांगतो. पायथन २ मधील साध्या अक्षरमालेत ‘मराठी’ हा शब्द यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने ठेवला आणि त्याची लांबी विचारली, तर ती पंधरा येत असे, कारण ती भाषा चिन्हे न मोजता बाइट मोजत होती, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तेथे तीन बाइट लागतात. पायथन ३ मध्ये हीच लांबी पाच येते: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. वाचणाऱ्याच्या दृष्टीने अक्षरे तीनच आहेत, म्हणजे पूर्ण न्याय अजूनही झालेला नाही; तरीही रोमन लिपीखेरीज अन्य लिप्यांत लिहिणाऱ्या जगातील कोट्यवधी लोकांचा मजकूर या भाषेच्या साध्या अक्षरमालेतही मजकूर म्हणून वागविला गेला. चलांची नावेदेखील देवनागरीत ठेवण्याची मुभा याच आवृत्तीने दिली.

सुधारणा योग्य होती; ती अमलात आणण्याची रीत मात्र फार महाग पडली. लक्षावधी ओळींचा जुना कोड सांभाळणाऱ्या संस्थांना तो हाताने दुरुस्त करणे भाग पडले, ज्या लायब्रऱ्यांवर त्यांचे काम अवलंबून होते त्या नव्या आवृत्तीत आल्याशिवाय त्यांना हलता येईना, आणि त्या लायब्रऱ्या लिहिणारे वापर करणाऱ्यांची वाट पाहत थांबले. पायथन २.७ ची मुदत प्रथम २०१५ पर्यंत होती. ती वाढवून २०२० करावी लागली, आणि १ जानेवारी २०२० रोजी जुन्या शाखेचा आधार संपला तेव्हा पायथन ३ ला अकरा वर्षे होऊन गेली होती. भाषा जितकी लोकप्रिय, तितके तिच्या कारभाऱ्यांचे स्वातंत्र्य संकुचित होते, कारण पूर्वी दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी प्रत्येक नव्या वापरकर्त्याबरोबर वाढत जाते, हा धडा पायथनच्या समाजाने तेव्हा घेतला, आणि पुढे कुलुपाचा प्रश्न सोडविताना तो पदोपदी त्याच्या उपयोगी पडला.

तत्पूर्वी मात्र सत्तांतर झाले. २०१८ साली ५७२ क्रमांकाच्या पेपवर मोठा वाद माजला. अपूर्णविराम आणि बरोबरीचे चिन्ह जोडून तयार होणाऱ्या एका नव्या चिन्हाने, एखाद्या पदावलीच्या पोटातच चलाला मूल्य देता यावे, एवढाच त्याचा विषय होता. भाषेची साधी, उघडी वाक्यरचना यामुळे गढूळ होईल असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते. उलट पक्षाला ती सोय उपयुक्त वाटत होती. गिडोने पेप मंजूर केला. परंतु महिनोन् महिने चाललेल्या वादंगाने आणि त्यातील कटुतेने तो इतका शिणून गेला होता, की १२ जुलै २०१८ रोजी त्याने सहकाऱ्यांना पत्र लिहून निवाड्याच्या अधिकारातून आपण कायमचे मुक्त होत असल्याचे कळविले. त्याने उत्तराधिकारी नेमला नाही. पुढचा कारभार लोकशाहीने चालवावा, एकाच्या हाती द्यावा की कसा, हे तुमचे तुम्हीच ठरवा, असे त्याने सुचविले. आणि माझ्या मते त्याच्या दीर्घ कारकिर्दीतील हा सर्वांत दूरदर्शी निर्णय होता, कारण त्याने वारस नेमला असता तर त्या वारसाला उसन्या अधिकारावर राज्य करावे लागले असते, आणि समाजाला स्वतःची घटना लिहिण्याची वेळ कधीच आली नसती.

ती घटना लिहिताना या लोकांनी आपल्याच जुन्या शिरस्त्याचा आश्रय घेतला: कारभाराच्या पद्धतीविषयीही पेप लिहावेत असे ठरले. एकच तांत्रिक प्रमुख, तिघांचे मंडळ, बाहेरील तज्ज्ञांची समिती, कोणतेही मंडळ नसलेली सर्वसाधारण सभा, असे मिळून सात मसुदे पुढे आले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये कोअर डेव्हलपरांनी, म्हणजे मूळ कोडमध्ये फेरफार करण्याचा अधिकार मिळालेल्या मंडळींनी, पसंतीक्रम लावून मतदान केले. नॅथॅनिएल स्मिथ आणि डोनल्ड स्टफ्ट यांचा मसुदा मंजूर झाला. त्यानुसार पाच जणांचे एक स्टिअरिंग कौन्सिल असते. भाषेची प्रत्येक मोठी आवृत्ती निघाल्यावर त्याची नव्याने निवडणूक होते. दोनतृतीयांश मतांनी अविश्वासाचा ठराव करून ते बरखास्त करता येते. आणि एकाच कंपनीच्या नोकरीत असलेले दोनांहून अधिक सभासद त्यात बसू शकत नाहीत. या शेवटच्या कलमाचे मोल वाचकाच्या ध्यानात सहज येईल: जिच्या पदरी अनेक कोअर डेव्हलपर आहेत अशा एखाद्या धनाढ्य कंपनीला बहुमताच्या मार्गाने भाषा बळकावता येऊ नये, याची ती तरतूद आहे. त्याहूनही मला भावलेले कलम असे की, कौन्सिलने आपले अधिकार शक्य तितके कमी वापरावेत, आणि मतदानाऐवजी एकमताचा शोध घ्यावा, असे त्या घटनेतच लिहून ठेवले आहे. पहिल्या कौन्सिलवर गिडो स्वतः निवडून आला. परंतु पुढच्याच निवडणुकीतून त्याने आपले नाव मागे घेतले, आणि २०२० पासून संस्थापकाविना हे मंडळ काम करीत आहे. प्रतिवर्षी ऑक्टोबरात एक मोठी आवृत्ती काढण्याचा नियमही याच कारकिर्दीत रूढ झाला.

आता त्या कुलुपाकडे वळू. पायथनमध्ये संख्या, अक्षरमाला, यादी यांपैकी काहीही निर्माण झाले की त्यासाठी स्मृतीत जागा घेतली जाते, आणि आज्ञावलीतील किती ठिकाणे त्या वस्तूकडे निर्देश करीत आहेत याचा एक आकडा त्या वस्तूबरोबरच ठेवला जातो. नवा निर्देश आला की आकडा एकाने वाढतो, निर्देश सुटला की घटतो, आणि शून्यावर येताच ती जागा मोकळी होते. ही युक्ती साधी आणि भरवशाची आहे. परंतु एकाच आज्ञावलीत दोन कार्यधारा, म्हणजे प्रोग्रामर ज्यांना थ्रेड म्हणतात ते, एकाच वेळी चालू लागले की तीत एक धोका उत्पन्न होतो. समजा आकडा पाच आहे. दोघांनी तो एकाच क्षणी वाचला, दोघांनी एक मिळविला आणि दोघांनी सहा लिहून ठेवला. वास्तविक तो सात व्हावयास हवा होता. एक निर्देश हिशेबातून गळला. पुढे केव्हातरी, कोणीतरी ती वस्तू वापरीत असतानाच आकडा शून्यावर येईल, जागा मोकळी केली जाईल, आणि आज्ञावली कोसळेल, किंवा न कोसळता चुकीचे उत्तर देत राहील, जे अधिक अनर्थकारक आहे.

यावर पायथनने १९९० च्या दशकाच्या आरंभी जो उपाय योजला, तो म्हणजे ‘ग्लोबल इंटरप्रिटर लॉक’, संक्षेपाने ‘गिल’. एखाद्या कचेरीत कारकून पुष्कळ आहेत, परंतु मोहोर एकच आहे, आणि ती ज्याच्या हाती असेल त्यानेच कागदाला हात लावावा असा हुकूम आहे, अशी कल्पना केली म्हणजे गिलचे कार्य समजेल: कागदपत्रांत गोंधळ कधीच होणार नाही, पण कारकून दहा ठेवले तरी काम एकाचेच निघेल. ज्या काळी सर्वसामान्य संगणकात एकच कोअर असे, त्या काळी यात काहीच तोटा नव्हता. शिवाय या एका कुलुपामुळे सी भाषेत लिहिलेले पूरक मॉड्यूल पायथनला जोडणे अतिशय सोपे झाले, आणि वैज्ञानिक गणनेच्या ज्या समृद्ध लायब्रऱ्यांमुळे पायथन सर्वदूर गेली, त्यांची भरभराट या सोयीमुळेच झाली. गिलची निंदा करणाऱ्यांनी हे ऋण विसरू नये.

२००५ नंतर मात्र प्रोसेसरांचा वेग वाढण्याऐवजी त्यांतील कोअरची संख्या वाढू लागली, आणि कुलूप जाचू लागले. लोकांनी पळवाटा काढल्या: काम स्वतंत्र प्रक्रियांत विभागून प्रत्येकीला आपली वेगळी स्मृती द्यावयाची आणि माहितीच्या प्रती एकीकडून दुसरीकडे पाठवीत राहावयाचे, किंवा जड गणित सी भाषेतील मॉड्यूलकडे सोपवून तेवढ्यापुरते कुलूप सोडावयाचे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेव्हा प्रचंड माहिती एकाच स्मृतीत ठेवून तिच्यावर डझनावारी कोअर चालवू इच्छू लागले, तेव्हा या पळवाटा अपुऱ्या पडल्या.

कुलूप काढून टाकण्याचे प्रयत्न पूर्वी झाले नव्हते असे नाही. १९९६ च्या सुमारास ग्रेग स्टाइन या प्रोग्रामरने एका मोठ्या कुलुपाऐवजी अनेक लहान कुलपे बसवून पाहिली. परंतु त्यामुळे एकाच कार्यधारेत चालणाऱ्या साध्या आज्ञावलीला जवळजवळ दुप्पट वेळ लागू लागला. सुमारे दहा वर्षांपूर्वी लॅरी हेस्टिंग्ज या कोअर डेव्हलपरने पुन्हा नेटाने प्रयत्न केला, आणि तोही मंद गतीच्या त्याच खडकावर फुटला. गिडोने २००७ साली अट घातली होती की, साध्या आज्ञावलीचा वेग घटणार नसेल तरच असा बदल मी स्वीकारीन. आणि ती अट न्याय्य होती, कारण ज्यांना अनेक कोअरची गरजच नाही अशा बहुसंख्य लोकांनी अल्पसंख्याकांच्या सोयीचा कर का भरावा?

हा पेच सॅम ग्रॉस या मेटा कंपनीतील अभियंत्याने सोडविला. २०२१ साली त्याने गिलविना चालणारी पायथनची स्वतंत्र प्रत तयार करून दाखविली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ती कल्पना ७०३ क्रमांकाच्या पेपच्या रूपाने मांडली. त्याच्या उपायाचे मर्म एका निरीक्षणात आहे: बहुतेक वस्तू ज्या थ्रेडने निर्माण केल्या, त्याच थ्रेडकडून प्रायः वापरल्या जातात. म्हणून प्रत्येक वस्तूचे दोन आकडे ठेवावेत; मालक थ्रेडने आपला आकडा कोणत्याही बंधनाविना, वेगाने बदलावा, आणि इतरांनी दुसरा, सामाईक आकडा सावकाश, सुरक्षित रीतीने बदलावा. ही युक्ती इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधातून घेतलेली होती. तिच्या जोडीला, सत्य, असत्य, रिक्त यांसारख्या ज्या वस्तू आज्ञावली संपेपर्यंत नाहीशा होतच नाहीत, त्यांचे गणन करणेच सोडून द्यावे. यादी व कोश यांसारख्या बदलत्या वस्तूंना त्यांचे स्वतःचे लहान कुलूप द्यावे. आणि स्मृतीचे वाटप अनेक थ्रेडना सोयीचे होईल अशा नव्या वाटपकाकडे सोपवावे, अशा अनेक तजविजी त्याने एकत्र गुंफल्या. एकेक तजवीज पूर्वी कोणाला ना कोणाला सुचलेली होती. त्या सर्व एका चालत्या यंत्रात एकत्र बसविण्याचा पराक्रम ग्रॉसचा.

आता कसोटी कौन्सिलची होती. विरोध करणारेही तज्ज्ञ होते, आणि त्यांचे आक्षेप सबळ होते. पायथनचा वेग वाढविण्याचे जे काम त्याच सुमारास चालू होते, ते गिल आहे असे गृहीत धरून रचलेले होते. कुलूप गेले की त्यातील बरेचसे पुन्हा रचावे लागणार होते. सी भाषेतील हजारो मॉड्यूलांच्या लेखकांना आपला कोड तपासून घ्यावा लागणार होता, आणि त्यांपैकी पुष्कळ जण हे काम फावल्या वेळात, विनामूल्य करणारे होते. जुलै २०२३ मध्ये कौन्सिलने पेप स्वीकारण्याचा मानस जाहीर केला, आणि ऑक्टोबरात रीतसर मंजुरी दिली. परंतु ती सशर्त होती. बदल टप्प्याटप्प्याने यावा, जुने शक्य तितके मोडू नये, आणि उपद्रव फार होतो असे दिसले तर सारे काही, अगदी संपूर्ण पेपदेखील, मागे घेण्याचा हक्क समाजाकडे राहावा. पायथन ३ च्या वेळची परिस्थिती पुन्हा ओढवून घ्यावयाची नाही, असे कौन्सिलने त्या वेळी स्पष्ट शब्दांत सांगितले होते. मेटा कंपनीने या कामासाठी तीन अभियंत्यांच्या वर्षभराच्या श्रमाएवढे साहाय्य देऊ केले.

तीन टप्पे ठरले: प्रथम प्रायोगिक, मग अधिकृत पण ऐच्छिक, आणि शेवटी सर्वांसाठी. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये ३.१३ या आवृत्तीत आला, तेव्हा कुलूपविरहित पायथनमध्ये साध्या आज्ञावलीची गती मोजणीत सुमारे ४० टक्क्यांनी घसरलेली आढळली, कारण वेग वाढविणारे एक महत्त्वाचे तंत्र त्या घडणीत तात्पुरते बंद ठेवावे लागले होते. ३.१४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि तोटा ५ ते १० टक्क्यांवर आला. दुसऱ्या टप्प्यात जाण्यासाठी गतीचा आणि स्मृतीच्या वापराचा तोटा किती मर्यादेपर्यंत चालेल, हे ७७९ क्रमांकाच्या स्वतंत्र पेपमध्ये आधीच लिहून ठेवलेले होते, आणि त्या कसोटीवर उतरल्यानंतरच जून २०२५ मध्ये मान्यता मिळाली. सावधगिरीचा आणखी एक नमुना पाहा: कुलूपविरहित पायथनमध्ये जर असे एखादे जुने सी मॉड्यूल घेतले, की ज्याने आपण कुलुपाविना सुरक्षित आहोत असे स्पष्टपणे जाहीर केलेले नाही, तर पायथन सूचना देऊन कुलूप आपोआप पुन्हा लावते. तिसरा टप्पा, म्हणजे ही घडण सर्वांना सरसकट लागू करण्याचा निर्णय, अजून शिल्लक आहे. आणि तो घाईने होऊ नये असेच माझे मत आहे, कारण अनेक थ्रेडनी एकाच वेळी चालणारी आज्ञावली निर्दोष लिहिणे हे मुळातच अवघड काम आहे, आणि आजवर कुलुपाच्या आडोशाने झाकल्या गेलेल्या चुका आता उघड्या पडणार आहेत.

३.१४ मधील इतर सुधारणांचा ओझरता उल्लेख पुरे: मजकुरात मूल्ये भरण्यापूर्वी त्यांची तपासणी करता यावी असे साचे, एकाच प्रक्रियेत अनेक स्वतंत्र इंटरप्रिटर चालविण्याची सोय, झेडस्टँडर्ड ही माहितीच्या संकोचनाची नवी पद्धत. त्या उपयुक्त आहेत, युगप्रवर्तक नाहीत.

चिंतेचा विषय आहे तो पैशाचा. पायथनच्या कामाचा मोठा भार स्वयंसेवक उचलतात, आणि जे पगारी लोक त्यावर काम करतात त्यांचा पगार बहुधा मोठ्या कंपन्यांच्या मर्जीवर असतो. नोकरीतून घेतलेली निवृत्ती सोडून गिडो २०२० च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाला, आणि त्या कंपनीच्या पाठबळाने मार्क शॅनन या कोअर डेव्हलपरच्या योजनेनुसार वेगवृद्धीचे पथक उभे राहिले. २०२२ मधील ३.११ ही आवृत्ती पूर्वीच्या आवृत्तीपेक्षा सरासरी २५ टक्के वेगवान झाली, हे त्याच पथकाचे फळ. परंतु मे २०२५ मध्ये त्या कंपनीने केलेल्या नोकरकपातीत या पथकातील अनेकांना घरी जावे लागले. आज्ञावली चालू असतानाच तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या ‘जिट’ या तंत्राचे काम त्यानंतरही थांबले नाही, कारण स्वयंसेवकांनी ते आपल्या खांद्यावर घेतले. तथापि एका कंपनीच्या अंदाजपत्रकातील एका ओळीवर साऱ्या जगाच्या उपयोगाच्या वस्तूची प्रगती अवलंबून असावी, ही स्थिती समाधानकारक म्हणता येणार नाही.

फाउंडेशनची स्थितीही तोळामासाच आहे. तिचा वार्षिक खर्च सुमारे ५० लाख डॉलर, पगारी माणसे अवघी चौदा. आणि पाच लाखांहून अधिक प्रकल्पांचे जे पॅकेज-भांडार साऱ्या जगातील पायथन-लेखक रोज वापरतात, ते चालविण्याची जबाबदारी तिच्यावर. त्या भांडारात घातक कोड घुसविण्याचे प्रयत्न वारंवार होतात. मार्च २०२४ मध्ये अशाच एका हल्ल्यामुळे नव्या सभासदांची नोंदणी काही तास बंद ठेवावी लागली होती. हे रोखण्यासाठी फाउंडेशनने अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अर्ज केला, आणि दोन वर्षांसाठी १५ लाख डॉलरच्या अनुदानाची शिफारसही झाली. परंतु अनुदानाबरोबर एक अट आली: विविधता, समता व समावेश यांना उत्तेजन देणारे, संघराज्याच्या भेदभावविरोधी कायद्यांचे उल्लंघन करणारे कोणतेही कार्यक्रम संस्था चालवीत नाही आणि चालविणार नाही, असे लिहून द्यावे. ही अट अनुदानाच्या कामापुरती मर्यादित नव्हती, ती संस्थेच्या सर्व व्यवहारांना लागू होती, आणि भंग झाल्याचे ठरल्यास खर्च होऊन गेलेला पैसाही परत वसूल होण्याचा धोका होता. जगभरच्या विविध लोकांचा समाज वाढविणे हे ज्या संस्थेच्या ध्येयातच लिहिलेले आहे, तिच्या संचालकांनी एकमताने अर्ज मागे घेतला, आणि ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ते जाहीर केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये याच संस्थेला, निधी संपत आल्यामुळे, देशोदेशींच्या परिषदांना दिले जाणारे साहाय्य स्थगित करावे लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या नकाराची किंमत कळते. हा निर्णय योग्यच होता असे मी मानतो. मात्र त्या नकाराचा भार ज्यांनी उचलावयास हवा, त्यांत आपणही येतो.

कारण पायथनशी आपला संबंध केवळ उपभोगाचा नाही. पायकॉन इंडिया ही परिषद २००९ मध्ये बंगळुरूला सुरू झाली आणि २०११ साली ती पुण्यात भरली होती. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने शिक्षणात पायथन आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर रुजविण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. तेथील एरोस्पेस विभागाचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी पायथनमध्ये रचलेले ‘मायावी’ हे वैज्ञानिक माहितीचे त्रिमितीय चित्रण करणारे साधन जगभरच्या संशोधकांनी वापरले आहे. म्हणजे देण्याची परंपरा येथे आहे; ती विस्तारावयास हवी.

त्यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही. ज्या सॉफ्टवेअर कंपन्या पुण्यात आणि मुंबईत पायथनवर आपला व्यवसाय चालवितात, त्यांनी फाउंडेशनला वार्षिक वर्गणी द्यावी, आणि आपल्या एखाद्या अभियंत्याला आठवड्यातील एक दिवस भाषेच्या कामासाठी मोकळा ठेवावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांनी अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, कोणी तरी आधीच केलेला प्रकल्प पुन्हा लिहावयास लावण्याऐवजी, ३.१४ ची कुलूपविरहित घडण घेऊन एखादी लायब्ररी तीवर तपासून पाहण्यास आणि आढळलेला दोष रीतसर कळविण्यास सांगावे. अशा तपासणीची या घटकेला मोठी गरज आहे. आणि ज्यांना मराठीची आस्था आहे त्यांनी ५४५ क्रमांकाचा पेप उघडून वाचावा. पायथनच्या दस्तऐवजांचे अन्य भाषांत अनुवाद कसे करावेत, ते कोणी तपासावेत आणि अधिकृत ठिकाणी कसे प्रसिद्ध व्हावेत, याची पद्धत त्यात २०१७ पासून घालून दिलेली आहे. जपानी, फ्रेंच आणि कोरियन भाषिकांनी त्या मार्गाने आपापल्या भाषेत हे साहित्य आणलेले आहे. नवशिक्यांसाठी असलेल्या पाठमालेपासून या कामाला आरंभ करावा, आणि एका महाविद्यालयातील दहा-बारा विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक प्रकरण अंगावर घेतले तर एका सत्रात तिचा मराठी खर्डा तयार होईल.